आधी छताची परीक्षा, मग सौर पॅनेल

(चिखलोली येथे घरमालक, शिक्षक व गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूर्य कोणालाही बिल पाठवीत नाही, हे खरे. परंतु त्याचे ऊन विजेत पालटून घरात आणणारी सामग्री विकत घ्यावी लागते आणि तिचे पैसे आरंभीच मोजावे लागतात. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' जाहीर करून एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेविले. तेव्हापासून आपल्या अंबरनाथ-बदलापूर परिसरातही या विषयाची चर्चा घरोघर होऊ लागली आहे. चर्चा बहुधा अनुदानाची होते. ज्या छतावर हे सर्व उभे राहावयाचे, त्या छताची चौकशी मात्र क्वचितच होते. पॅनेलचे आयुष्य सुमारे २५ वर्षांचे मानले जाते. म्हणजे आपण आपले छत पाव शतकासाठी एका कामाला देत आहोत. एवढा दीर्घ करार करण्यापूर्वी छत सुदृढ आहे काय, ते आपले आहे काय आणि त्यावर ऊन पडते काय, हे तीन प्रश्न स्वतःला विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न सुदृढतेचा. मे २०२१ मध्ये शेजारच्या उल्हासनगरात जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली, याचा विसर पडता कामा नये. एका मोठ्या पॅनेलचे वजन २५ ते ३० किलो असते आणि तीन किलोवॅटच्या संचाला अशी सहा पॅनेल लागतात. सुस्थितीतील स्लॅबला हा भार जड नाही. परंतु जेथे सळया गंजल्या आहेत, गिलावा सुटतो आहे, तेथे स्थापत्य अभियंत्याचा दाखला घेतल्यावाचून एक खिळादेखील ठोकू नये. वाऱ्याचा विचार तर वजनाहूनही अधिक केला पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने लगतच्या रायगड जिल्ह्यात घरांवरील पत्रे उडवून दिले. उतरते पॅनेल हे वाऱ्याच्या दृष्टीने एक शीडच असते. म्हणून सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असावा आणि त्याचे पाय पक्के रोवलेले असावेत. आपल्याकडील पाऊस लक्षात घेता छत गळत असल्यास त्याची दुरुस्ती आधी करावी. पॅनेल बसल्यानंतर तीच दुरुस्ती दुप्पट खर्चाची होते.

दुसरा प्रश्न मालकीचा. स्वतंत्र घर असेल तर वीजबिल कोणाच्या नावे आहे ते पाहावे. अनेक घरांत बिल अद्यापि दिवंगत वडिलांच्या नावे येते. अर्जदार, वीजग्राहक व बँक खातेदार यांची नावे जुळत नसतील तर अनुदान अडते. यास्तव नावातील बदल प्रथम करून घ्यावा. थकबाकीही फेडलेली असावी. सदनिकाधारकांची गोष्ट निराळी आहे. गच्ची ही सर्व सभासदांची सामाईक जागा असते. ती एकट्याने अडविणे वादाला आमंत्रण देणारे ठरते. अशा ठिकाणी सर्वसाधारण सभेत ठराव करून उद्वाहन, पाण्याचा पंप व जिन्यातील दिवे यांसाठी सामाईक संच बसविणे हा उत्तम मार्ग होय. या योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

तिसरा प्रश्न उन्हाचा. चिखलोली सुमारे १९ अक्षांशावर आहे. त्यामुळे पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि उतार साधारण तितक्याच अंशांचा असावा. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट निर्वेध जागा लागते. पाण्याची टाकी, आंब्याचे झाड किंवा शेजारची उंच इमारत यांची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्याला जोडलेल्या संपूर्ण माळेचे उत्पादन घटू शकते. शेजारच्या मोकळ्या भूखंडावर उद्या काय उभे राहील, याचाही अंदाज घ्यावा. औद्योगिक वसाहतीलगतच्या घरांवर धूळ अधिक बसते. ती अधूनमधून सकाळी, पॅनेल तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने धुवावी.

आता एक मोठा गैरसमज. आपल्या चिखलोलीच्या धरणात पावसाळ्याचे पाणी साठते आणि ते पुढे कामी येते. छतावरील साध्या संचाजवळ असे धरण नसते. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारांत जाते, दुतर्फा मोजणारा मीटर तिची नोंद घेतो आणि तेवढी वीज आपल्या वापरातून वजा होते. यालाच नेट मीटरिंग म्हणतात. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाला धोका पोहोचू नये म्हणून बाहेरचा पुरवठा बंद पडताच हा संच आपोआप बंद होतो. भर दुपारी ऊन असले तरीही घरात अंधारच राहतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीसह संच घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा पडतो. पॅनेल लावले की भारनियमनाची चिंता मिटली, असे सांगणाऱ्या विक्रेत्याला हा प्रश्न अवश्य विचारावा.

हिशेबही नीट समजून घ्यावा. एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट वीज देतो. पावसाळ्यात हे प्रमाण खाली येते, उन्हाळ्यात वर जाते. महिना २४० युनिट वापरणाऱ्या कुटुंबास दोन किलोवॅट पुरेसे होतात. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यास १८,००० असे अनुदान असून त्याची कमाल मर्यादा ७८,००० रुपये आहे. ही रक्कम संच सुरू झाल्यानंतर खात्यात जमा होते. म्हणून आधी पूर्ण रकमेची अथवा कर्जाची तरतूद हवी. वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या विजेला मिळणारा दर आपण विकत घेतो त्या विजेच्या दराहून कमी असतो. तेव्हा गरजेपेक्षा मोठा संच लावण्यात लाभ नाही. स्थिर आकार द्यावाच लागतो, त्यामुळे 'मोफत' या शब्दाचा अर्थ 'बिल शून्य' असा घेऊ नये. इन्व्हर्टर पॅनेलइतका टिकत नाही, त्याच्या बदलाचे पैसे हिशेबात धरावेत.

विक्रेता योजनेच्या संकेतस्थळावर नोंदलेला असावा, पॅनेल भारतीय बनावटीचे असावे, आणि पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्यावी. २७ जुलै २०१९ च्या पुरात बदलापूर परिसरात उल्हास नदीचे पाणी घरांत शिरले होते. नदीकाठच्या घरांनी इन्व्हर्टर व स्विचपेटी पुराच्या खुणेच्या वर बसवावी. अर्थिंग व वीजरोधक यांत काटकसर करू नये.

सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून २०२४ मध्ये पुढे आले. एका घराचे शहाणपण गावाचे होते तेव्हा असे काम उभे राहते. पंचायत सदस्यांनी शाळा, दवाखाना व कार्यालय यांच्या छतांची पाहणी करून आरंभ करावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरच्या बारा महिन्यांच्या बिलांतील युनिटांची बेरीज करून घ्यावी. गणिताचा तो एक तास पालकांना योग्य आकाराचा संच निवडण्यास उपयोगी पडेल. छत एकदा नीट पारखून घेतले की पुढची २५ वर्षे सूर्य आपले काम चोख करील, यात शंका नाही.