ट्रेलरचा भार आणि मोटारीचा सांधा

अमेरिकेत व कॅनडात सुटी लागली की मोटारीमागे चाकांवरचे लहानसे घर जोडून प्रवासाला निघण्याची चाल जुनी आहे. घेणाऱ्याची नजर पलंग, शेगडी आणि खिडक्यांवर असते. ज्या लोखंडी सांध्याने हे घर मोटारीला जोडले जाते, त्याची निवड मात्र पुष्कळदा विक्रेत्यावर सोपविली जाते.

ट्रेलरच्या एकंदर वजनापैकी शेकडा १० ते १५ भाग त्याच्या नाकावर, म्हणजे मोटारीमागील जोडगोळ्यावर यावा लागतो. तो कमी पडला तर मागे ओझे जास्त झालेल्या बैलगाडीसारखा ट्रेलर उलार होतो आणि वेगात डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. तेव्हा हा भार टाळण्यासारखा नाही. तो कसा पेलावा एवढाच प्रश्न. समजा, ट्रेलर १,५०० किलोंचा आहे आणि त्यातील १८० किलो गोळ्यावर आले. मोटारीच्या दोन आसांत ३ मीटर अंतर आणि गोळा मागच्या आसापासून १.२ मीटर मागे असेल, तर तरफेच्या न्यायाने पुढच्या चाकांवरचे ७२ किलो उचलले जातात व मागच्या आसावर २५२ किलोंची भर पडते. ज्या चाकांनी मोटार वळवायची, ब्रेक लावताना ज्यांच्यावर मुख्य भिस्त, तीच हलकी होतात. दिव्यांचा झोत वर चढतो हे दिसते. चाकांची पकड सुटते हे ओल्या उतारावरच कळते.

भारविभाजक हिच यावरील उपाय होय. तिच्यातून निघालेल्या दोन स्प्रिंगपोलादी दांड्या ट्रेलरच्या पुढील चौकटीला ताणून अडकवितात. हातगाडीच्या मुठी वर उचलाव्या तसा त्यांचा परिणाम होतो. मागच्या आसावरील जादा भार काही अंशी पुढच्या चाकांकडे आणि काही अंशी ट्रेलरच्या चाकांकडे जातो. आसांची व टायरांची ठरलेली मर्यादा मात्र याने तसूभरही वाढत नाही, आणि वेड्यावाकड्या भरलेल्या सामानाचा दोषही झाकला जात नाही.

निवडताना सर्वांत दणकट ती उत्तम, हा समज लहान ट्रेलरला बाधतो. अतिताठ दांड्या वाकत नाहीत. रस्त्याचे धक्के त्या सरळ चौकटीत उतरवितात. म्हणून दांड्या नाकावरील प्रत्यक्ष भाराला जुळणाऱ्या असाव्यात. हा भार माहितीपत्रकातील रिकाम्या वजनावरून काढू नये. गॅसच्या टाक्या आणि बॅटरी बहुधा नाकापाशीच असतात; पाणी व सामान भरून वजन करावे. विनिपेगमध्ये १९६८ साली निघालेला बोलर हा १३ फुटी फायबरग्लासचा ट्रेलर रिकामा ४५० किलोंच्या आत होता. इतक्या हलक्या घराला अशा हिचची बहुधा गरजच नसते, आणि त्याची चौकट दांड्यांचा ताण सोसेल की नाही हे निर्मात्यालाच विचारलेले बरे. काही मोटारींच्या पुस्तिकाही अशा हिचला मनाई करतात. ट्रेलरचे ब्रेक त्याच्या रेट्याने लागणारे असतील तर हिच त्यांच्या आड येत नाही ना, हेही पाहावे.

हेलकावे आवरणारी घर्षणपट्टी ही निराळी वस्तू. काही हिचमध्ये ती सोय अंगचीच असते. सुटी पट्टी निसरड्या रस्त्यावर सैल करावी लागते आणि बहुतेक पट्ट्या गाडी मागे घेण्यापूर्वी काढाव्या लागतात. लहान जागेत वारंवार गाडी लावणाऱ्याने एवढी खटपट पत्करण्यापूर्वी विचार करावा.

हिच बसविल्यावर मालमोटारींच्या काट्यावर तीन वजने घ्यावीत: एकट्या मोटारीचे, दांड्या न ताणता ट्रेलरसह आणि दांड्या ताणून. प्रत्येक वेळी आसांचे आकडे वेगळे टिपावेत. पुढच्या आसावरून गेलेला भार किती परतवावा ते मोटारीच्या पुस्तिकेत पाहावे. काही निर्माते तो निम्माच परतवावयास सांगतात.