कोणता कान?

हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वरचं धरण भरलं की आजूबाजूची पोरं पूर्णा नदीच्या पाण्यात नाहीतर कालव्यात तासन्‌तास डुंबतात. मग एखाद्याच्या कानाला ठणका लागतो. आई कोमट तेल सोडते, रात्र कशीबशी काढली जाते आणि सकाळी पोरगं दवाखान्यात येतं. केसपेपरवर लिहिलं जातं, ‘कान दुखतो’. खाली थेंबांचं नाव आणि सही. कोणता कान, किती दिवस, वाहतो का, ऐकू कमी येतं का, पडदा कसा दिसला, यातलं काहीच त्यावर नसतं.

कान दुखणं हे लक्षण आहे. कानाची पाळी नुसती ओढली तरी पोर कळवळत असेल, तर सूज बहुधा बाहेरच्या नळीत असते. पोहणाऱ्यांना होते ती हीच. सर्दीनंतर ताप आला, रात्रभर ठणकलं, मग कान फुटला आणि दुखायचं थांबलं, तर पू पडद्यामागे झालेला असतो. कधी नुसता मळ फुगलेला असतो, कधी आत ज्वारीचा दाणा अडकलेला असतो. प्रत्येकाचा इलाज निराळा. पडद्याला भोक असताना काही थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात, म्हणून ‘पडदा पाहिला’ हे कागदावर यायलाच हवं. वाहत्या कानात तेल तर मुळीच घालू नका.

या प्रत्येक दुखण्याला जगभर एक ठरलेला कोड आहे. फ्रान्सच्या जॅक बर्टिलाँ यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तिच्यातून वाढत गेलेली रोगांची वर्गवारी आज जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. तिच्या दहाव्या आवृत्तीत नुसती कानदुखी म्हणजे एच ९२.०. बाहेरच्या कानाची सूज एच ६०, मधल्या कानातला पू एच ६६, साचलेला मळ एच ६१.२, अडकलेला दाणा टी १६. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून स्वतःची जी विस्तारित यादी लागू केली, तीत उजव्या कानाची कानदुखी एच ९२.०१ आणि डाव्याची एच ९२.०२.

पुण्यात, नवी मुंबईत मेडिकल कोडिंगच्या नोकऱ्या आहेत. विज्ञान, फार्मसी, नर्सिंग शिकलेली मुलं तिथे अमेरिकेतल्या रुग्णांचे कागद वाचून हे कोड लावतात. त्यांचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. बाह्यरुग्णाच्या कागदावर डॉक्टरांनी ‘अमुक रोगाची शंका’ एवढंच लिहिलं असेल, तर त्या रोगाचा कोड द्यायचा नाही, लक्षणाचाच द्यायचा. निदान झालं नसेल, तर झाल्यासारखं दाखवायचं नाही. परदेशातल्या रुग्णाच्या कानाची बाजू आपलीच मुलं इतक्या कसोशीने तपासतात, मग आपल्या गावच्या कागदावर ती का नसावी?

हे मी विम्यासाठी किंवा सरकारी आकड्यांसाठी सांगत नाही. समजा, पन्नाशीचा एक शेतकरी आहे. वर्षानुवर्षं तंबाखू खाणारा. एकच कान दोन महिने दुखतोय. आधी गावात थेंब घेतले, मग औंढ्याला, मग हिंगोलीला. दर वेळी नवा कागद, दर वेळी ‘कान दुखतो’ आणि दर वेळी थेंब. खरं तर त्याचा कान स्वच्छ आहे. कानाला, जिभेच्या मुळाला, घशाला आणि दाढांना जाणाऱ्या नसांची वाट काही अंशी एकच असते, त्यामुळे घशातल्या गाठीची कळ कानात उठू शकते. पहिल्याच कागदावर ‘डावा कान, तीन आठवडे, पडदा नॉर्मल, तंबाखू, गिळताना त्रास’ असं लिहिलेलं असतं, तर दुसऱ्या डॉक्टरांनी थेंब न देता त्याला तोंड उघडायला लावलं असतं, बॅटरीने घसा पाहिला असता आणि नांदेडला पाठवलं असतं. कॅन्सरमध्ये असे दोन महिने फार महाग पडतात. असे रुग्ण पाहून जीव तुटतो, कारण ती नोंद करायला एक मिनिटसुद्धा लागत नाही.

ओपीडीत रांग किती असते, हे मला माहीत आहे. म्हणूनच आशाताईंना आणि घरच्यांना माझी विनंती आहे, की दवाखान्यात शिरताना एवढं सांगा : कोणता कान, कधीपासून, पाणी येतं की पू, त्याला वास येतो का, ऐकू कमी येतं का, आत तेल घातलं की काडी, तंबाखू-गुटखा आहे का. जुने कागद एका पिशवीत ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत आणा. दवाखान्यात दाखल झाला असाल, तर आपल्या नोंदी मागायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टरांसाठी असलेल्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या मिळायला हव्यात. आणि चिठ्ठीवर उजवा की डावा लिहिलं नसेल, तर टेबलापाशीच थांबा आणि लिहून घ्या.