चरितार्थाचा हक्क आणि शुश्रूषेचा प्रश्न



मुंबई–हावडा लोहमार्गावरील भिलाई पावर हाउस स्थानकाच्या एका अंगास पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील आखीव सेक्टर आहेत, तर दुसऱ्या अंगास कॅम्प, छावणी आणि नंदिनी मार्गावरील खाजगी उद्योगांच्या आसऱ्याने वाढलेली दाट वस्ती. कायम नोकरीतील पोलाद कामगाराला भविष्यनिर्वाह निधी मिळाला, कारखान्याचे रुग्णालय मिळाले. रुळांपलीकडील कंत्राटी कामगाराच्या वाट्याला यातले फारसे आले नाही. कायम नोकरी व जगण्यापुरते वेतन या मागण्यांसाठी १ जुलै १९९२ रोजी याच स्थानकात कामगारांनी रेल्वे रोखली, पोलिसांचा गोळीबार झाला आणि अनेकांचे प्राण गेले. त्या वेळी तिशीत असलेला कामगार आज कायद्याच्या भाषेत ‘ज्येष्ठ नागरिक’ झाला आहे. त्याला पक्षाघात झाला, उठण्या-बसण्यास दुसऱ्याचा हात लागू लागला, तर कायदा त्याला नेमके काय देतो?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ अन्वये त्याला न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. उपविभागीय अधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी अध्यक्षस्थानी असतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. चरितार्थाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. परीक्षार्थी ही कलमे पाठ करतात. व्याख्या वाचायची मात्र राहून जाते. ‘चरितार्थ’ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार. अंघोळ घालणारा, कूस बदलून देणारा हात या व्याख्येत नाही. शिवाय मुलगा स्वतःच रोजंदारीवर असेल, तर आदेशाची वसुली कशातून व्हायची?

कलम २३ अधिक परिणामकारक आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास परत मिळू शकते. अशी अट हस्तांतरणात असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून ताबा परत देवविण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकारही मान्य केला. परंतु हे शस्त्र ज्याच्या नावावर घर आहे त्याचे. झोपडीत आयुष्य काढलेल्याला ते काय उपयोगाचे?

अपंगत्व आल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू होतो. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख त्याच्या कलम २४ मध्ये आहे, पण ‘आर्थिक क्षमता व विकासाच्या मर्यादेत’ या शब्दांच्या कुंपणात. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाच्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धासाठी दरमहा २०० रुपये, ८० नंतर ५०० रुपये आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यासाठी ३०० रुपये. राज्ये यात भर घालतात; तरीही पूर्णवेळ मदतनिसाच्या वेतनाशी या रकमांची तुलनाच होऊ शकत नाही.

मग शुश्रूषा कोण करते? बहुधा पत्नी, नाहीतर सून. त्यासाठी सून मजुरीवर पाणी सोडते आणि हा बुडालेला रोज कोणत्याही हिशेबात धरला जात नाही. अर्थशास्त्राने संधी-परिव्यय ही संज्ञा तयार केली, तिचा वापर मात्र घराच्या उंबरठ्याबाहेरच होत राहिला. २००७ च्या कायद्यातील ‘अपत्ये’ या व्याख्येत मुलगा, मुलगी व नातवंडे आहेत, सून नाही. सासू-सासऱ्यांनी याच कायद्याचा आधार घेऊन सुनेला घराबाहेर काढण्याचे प्रयत्नही झाले. सामायिक घरातील तिचा निवासाचा हक्क अशा रीतीने डावलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या सुधारणा विधेयकाने सून व जावई यांना अपत्यांच्या व्याख्येत आणण्याचे, १०,००० ची मर्यादा काढण्याचे आणि घरपोच शुश्रूषा सेवांचे नियमन करण्याचे योजले होते. सुनेच्या जबाबदारीची तरतूद त्यात होती, तिच्या श्रमाच्या मोबदल्याची नव्हती. सतरावी लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित होताच ते विधेयक व्यपगत झाले.