समुद्रात उतरण्यापूर्वी



आम्ही पनवेलहून मालवणला गेलो होतो. तेथे माझी धाकटी पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्रात उतरली. मी होडीत देवाचे नाव घेत बसले. ती मात्र रंगीत मासे पाहून हसतच वर आली! मुलींना अडवू नये, ऋतू तेवढा पाहावा. पावसाळ्यात पाणी गढूळ व खवळलेले असते, म्हणून ही डुबकी बंदच असते. त्याच दिवसांत जेलीफिशसारखे निळ्या फुग्याचे विषारी जीव किनाऱ्याला लागतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला कित्येकांना ते डसले. मेलेलाही डसतो, तेव्हा मुलांना हात लावू देऊ नये. डसल्यास चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, चिकटलेले धागे चिमट्याने काढावे व सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरावा. धाप लागल्यास तडक डॉक्टरांकडे न्यावे.