तडजोड कोठवर?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘विश्वासात स्थिर राहा’ असा. हा उपदेश आपल्या कानांवर लहानपणापासून पडत आला आहे. परंतु मला नेहमी वाटते की, तो आपण अर्धाच सांगतो. स्थिर राहा, डगमगू नका, इतके सांगून थांबतो. कोठे पाय रोवायचा आणि कोठे सरकून दुसऱ्याला जागा करून द्यायची, हे सांगावयाचे राहून जाते. बायकांचा जन्म तर तडजोडीतच जातो. सासरची चव, नवऱ्याची बदली, सुनेच्या कामाच्या वेळा, या सगळ्यांशी जुळवून घेते तिचाच संसार नीट चालतो. मग विश्वासाच्या बाबतीत तडजोड नको म्हणजे नेमके काय नको? आज मी एवढ्याच प्रश्नापुरते बोलणार आहे.

प्रथम आपल्या ओळखीचा दानीएल घेऊ. दानीएल सिंहांच्या गुहेत गेला, ही गोष्ट रविवारच्या शाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण त्याच्या ग्रंथाचा पहिला अध्याय सावकाश वाचून पाहा. बाबेलात नेल्यावर त्याला परके नाव दिले, ते त्याने घेतले. खास्द्यांची भाषा शिकवली, ती तो शिकला. परक्या राजाची चाकरी सांगितली, तीही त्याने मन लावून केली. अडला तो एका ठिकाणी, राजाच्या ताटातल्या अन्नापाशी. तेथेही त्याने आरडाओरडा केला नाही. दहा दिवस आम्हांला भाजीपाला देऊन पाहा, अशी अधिकाऱ्याला विनंती केली. पुढे म्हातारपणी जेव्हा हुकूम सुटला की तीस दिवस राजावाचून कोणाकडेही काही मागायचे नाही, तेव्हा त्याला खिडकी लावून घेऊन मनातल्या मनात प्रार्थना करता आली असती. त्याने खिडकी उघडी ठेवली, कारण ती रोज उघडी असे. मुद्दाम उघडली असती तर तो दिखावा झाला असता, आणि मुद्दाम लावली असती तर ती भीती झाली असती. नित्याचा क्रम त्याने मोडला नाही, इतकेच.

ही उघडी खिडकी ध्यानात ठेवा. आपल्या महाराष्ट्रातही एक उघडे दार होऊन गेले आहे.

पंडिता रमाबाईंचे नाव या सभेत नवे नाही. केडगावचे मुक्ति मिशन आपल्यांपैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. त्यांचा जन्म 1858 सालचा. आई, वडील आणि बहीण दुष्काळात गेली, पुढे भाऊ गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. पदरात एक लहान मुलगी घेऊन त्या 1882 साली पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, आणि 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. इकडे केवढे वादळ उठले असेल याची कल्पना करा. कालपर्यंत जिला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरविले, तीच परकी झाली.

ही बाजू आपण नेहमी सांगतो. दुसरी बाजू सांगताना मात्र आपली जीभ जरा अडखळते. रमाबाईंवर दुसरे दडपण आले ते ख्रिस्ती मंडळीकडूनच. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांचा जीव रमाबाईंवर खरोखर होता. परंतु शिष्येने प्रश्न न विचारता मान तुकवावी, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंना त्रैक्याचे तत्त्व तेव्हा पटत नव्हते. जे मनाला उमगले नाही, ते मतांगीकारात तोंडाने म्हणायला त्या तयार नव्हत्या. मठातील क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. त्यावर त्यांनी विचारले की, संस्कृतापेक्षा लॅटिनमध्ये अधिक पावित्र्य ते काय? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, की यामुळे हिंदुस्थानात त्यांचे वजन कमी होईल. ज्या बाईने कलकत्त्यात आणि पुण्यात पुरुषांनी भरलेल्या सभांत भाषणे केली होती, तिला हे कसे रुचावे? त्यांनी कळविले त्याचा आशय असा, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, ती लगेच दुसऱ्या जोखडाखाली मी देणार नाही; देवाने मला सदसद्विवेकबुद्धी दिली आहे, तिचा हिशेब त्याला मलाच द्यावयाचा आहे. ही पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवली, आणि 1977 साली महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने ती छापून प्रसिद्ध केली. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी ती जरूर वाचावीत.

पुढे रमाबाईंचा ख्रिस्तावरील विश्वास अधिक गाढ झाला. पण तो वाढला स्वतःच्या वाचनाने, प्रार्थनेने आणि अनुभवाने. कोणी दटावले म्हणून तो वाढला नाही. दटावून आलेला विश्वास दटावणारा खोलीबाहेर जाईपर्यंतच टिकतो, हे मुले वाढविणाऱ्या आपणा आयांना वेगळे सांगायला नको.

आता त्या उघड्या दाराची गोष्ट. 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदासदन सुरू झाले, आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. पैसा होता अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, दहा वर्षांच्या वचनाचा. अट अशी की, शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यायचे नाही. येथे न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी थोर माणसे सल्लागार होती. रमाबाईंनी अट मान्य केली आणि पाळली. मुलींना आपापले सोवळे-ओवळे, उपासतापास पाळायची मोकळीक होती. स्वतः बाई साडी नेसत आणि शाकाहार घेत. इतकी सगळी तडजोड त्यांनी आनंदाने केली.

मात्र रोज मनोरमेला जवळ घेऊन त्या आपल्या खोलीत बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. घरातल्या मुली आईच्या खोलीत याव्यात तशा तेथे येऊन बसत. त्यांना कोणी बोलावीत नसे आणि हाकलीतही नसे. यावरून 1893 साली पुण्यात काहूर उठले. वर्तमानपत्रांतून टीका झाली, सल्लागारांनी संबंध सोडला, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर एवढे सगळे टळले असते. बाईंचे म्हणणे असे की, शाळेत मी धर्म शिकवीत नाही, ते वचन मी पाळते. पण माझ्या खोलीत मी ख्रिस्ती आहे हे मी लपवणार नाही.

येथे आपण दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. रानडे, भांडारकर हे विधवांच्या शिक्षणाचे वैरी नव्हते. पालकांनी त्यांच्या शब्दावर मुली पाठविल्या होत्या, आणि सदनातील काही मुलींनी पुढे बाप्तिस्मा घेतलाही. तेव्हा त्यांची शंका अगदीच निराधार होती, असे आपण म्हणू नये. पण त्याच सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून आलेल्या गोदूबाई जवळजवळ चार वर्षे राहिल्या, हिंदू राहिल्या, आणि 1893 सालीच त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. आत जाण्याची मोकळीक आणि न जाण्याचीही मोकळीक, असे ते दार होते. ज्या श्रद्धेला दुसऱ्याच्या श्रद्धेची जबरदस्ती सहन होत नाही, तिने दुसऱ्यावर जबरदस्ती करता कामा नये. शेजारणींनो, हे मी तुमच्यादेखत मुद्दाम बोलते आहे.

प्रेषित पौलाच्या चरित्रातही हाच विवेक दिसतो. तीमथ्याची त्याने सुंता करविली, कारण यहुदी लोकांत काम करताना त्यांचे मन दुखावू नये. तीताची मात्र सुंता करू दिली नाही, कारण तेथे लोक म्हणत होते की सुंतेवाचून तारण नाही. कृती एकच, पण एका ठिकाणी ती प्रेमापोटी केली, आणि दुसऱ्या ठिकाणी सत्याला बाध येत होता म्हणून नाकारली. तडजोड करण्यापूर्वी आपणही मनाला दोन प्रश्न विचारावेत. मी जे सोडते आहे ते माझे आहे की देवाचे? आणि मी ते सोडते आहे ते प्रेमापोटी की भीतीपोटी? माझा मान, माझी सोय, माझी आवड ही माझी आहेत. ती खुशाल सोडावीत. खरे बोलणे हे माझ्या मालकीचे नाही. ते मला सोडता येत नाही.

आता घरच्या गोष्टीकडे येते. आज आपल्याला सिंहांच्या गुहेत कोणी टाकत नाही. आपली परीक्षा होते ती कागदावर. सरकारच्या 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्याच होत्या. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती झालेली कुटुंबे बाहेरच राहिली. आजा गावकुसाबाहेर राहत होता, नातू चर्चमध्ये जातो, म्हणून गावाने त्याला वेगळी वागणूक दिली असे काही झाले नाही. मग मुलीच्या प्रवेशाच्या वेळी आई माझ्याकडे येऊन विचारते, “बाई, फॉर्मवर धर्म काय लिहू? एका शब्दाने पोरीचे आयुष्य उभे राहील.” या माऊलीला दोष देणारी मी कोण? तिच्या घरात पगार किती येतो हे मला माहीत आहे. कायदा बदलावा असे ज्यांना वाटते त्यांनी उघडपणे अर्ज करावेत, कोर्टात जावे, सभा घ्याव्यात. त्यात कमीपणा नाही. परंतु मुलीच्या हातून पहिली सही खोट्यावर करवून घ्यायची, आणि रविवारी तिला सत्याचे वचन पाठ करायला सांगायचे, हे दोन्ही एका घरात नांदणार नाही. मूल वचन विसरेल, सही विसरणार नाही.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. वर सांगितलेल्या आईवर निदान दडपण असते. पण आपल्यावर कसलेही दडपण नसताना आपण जी तडजोड करतो तिचे काय? प्रभुभोजनाला आपण एका प्याल्याभोवती जमतो, आणि मुलीचे लग्न जमविताना हळूच विचारतो, “मूळचे कोण म्हणायचे तुम्ही?” हा प्रश्न विचारायला आपल्यावर कोणी सक्ती केली होती? बाहेरच्या दडपणापुढे ताठ उभे राहण्याच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो. घरातल्या या वाकण्याबद्दल मात्र गप्प बसतो. रमाबाईंच्या केडगावात 1896 च्या दुष्काळानंतर मध्य प्रांतातल्या, आणि 1900 नंतर गुजराथेतल्या शेकडो मुली आल्या. कोण कोणाची, हे न विचारता त्यांना अन्न, अक्षर आणि उद्योग मिळाला. त्या बाईचे नाव घेणाऱ्या मंडळींनी आपल्या सोयरिकी कोणत्या काट्यावर तोलल्या जातात, हे एकदा तपासून पाहावे.

रमाबाईंना या स्थिरतेची किंमत भरावी लागली. सल्लागार गेले, मुली गेल्या, बोलणी बसली. तरी काम बुडाले नाही, कारण किंमत भरताना त्या अगदी एकट्या नव्हत्या. उरलेल्या मुली होत्या, बरोबरीने राबणाऱ्या बायका होत्या, दुरून पैसा पाठविणारे स्नेही होते. अखेरची वर्षे त्यांनी बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. 1921 साली मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. खरी माणसे नुसत्या उपदेशावर उभी राहत नाहीत. कोणीतरी त्यांच्या पाठीशी उभे राहावे लागते.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्या वस्तीतील जी मुलगी फॉर्मवर खरे लिहील, आणि त्यामुळे जिची फी वाढेल, तिच्या फीसाठी आपण एक निधी काढू. दर महिन्याला प्रत्येकीने ऐपतीप्रमाणे टाकावे. भिशीला टाकतो त्याहून कमी चालेल. हिशेब वहीत लिहावा, वही सर्वांनी पाहावी. आणि आमच्या हिंदू, बौद्ध व मुसलमान शेजारणींपैकी कोणाची मुलगी पैशावाचून अडली असेल, तर तिलाही त्यातून द्यावे. खरे बोलण्याचा उपदेश सगळ्यांनी करायचा, आणि त्याची किंमत एका सोळा वर्षांच्या पोरीने एकटीने भरायची, हे ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या मंडळाला शोभत नाही. पहिली नोंद माझ्या नावाची घ्यावी, अशी मी खजिनदारबाईंना विनंती करते.