रबरी होडीचा हवापंप



नदीकाठच्या गावाला रबरी होडीचे महत्त्व आता निराळे सांगायला नको. २०१९ साली कृष्णा-पंचगंगेला आणि २०२१ साली चिपळूणच्या वाशिष्ठीला पूर आला, तेव्हा अनेकांना बाहेर काढले ते अशा होड्यांतून. म्हणून गाव वर्गणी काढते, होडी घेते. मात्र होडीबरोबरच्या विजेच्या पंपाकडे फारसे कोणी पाहत नाही. बटण दाबले, होडी भरभर फुगली, की झाले आपले समाधान!

पण मंडळी, होडी फुगणे वेगळे आणि कडक होणे वेगळे. हवा किती जाते हा एक हिशेब. ती किती दाबाने जाते हा दुसरा.

पोहायची ट्यूब, पाण्यातली खेळणी यांना दाब लागतो एक पौंडाच्याही आत. त्यांना पंख्याचा पंप उत्तम. तो हवा पुष्कळ देतो, पण जोर लावू शकत नाही. होडीच्या नळ्यांना साधारण तीन पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २१० ग्रॅम, दाब लागतो. नेमका आकडा होडीवर छापलेला असतो. तोच खरा धरावा. तिथवर पोचायला दट्ट्याचा पंप हवा. कमी हवेची होडी काठावर टुमदार दिसते, पण माणसे बसली की मधेच वाकते.

मग मोटारीच्या टायरचा छोटा पंप चालेल का? तो तीस पौंडांपर्यंत सहज जातो. पण हवा देतो थोडी थोडी. गुरुजींनी हे गणित वर्गात घालावे. नळीचा व्यास ४० सेंटिमीटर, एकूण लांबी ८ मीटर. तर आत मावते सुमारे १,००० लिटर हवा. मिनिटाला ५०० लिटर देणारा पंप ती दोन मिनिटांत भरील. ३० लिटर देणाऱ्याला अर्धा तास लागेल. पुराचे पाणी तेवढे थांबते थोडेच! पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने मात्र भरू नये. त्याचा दाब भलताच असतो, शिवण उसवते.

तेव्हा पंप घ्यावा तो दोन्ही कामे करणारा : आधी पंख्याने भरणारा, मग दट्ट्याने कडक करणारा आणि ठरलेल्या दाबाला आपोआप बंद होणारा. तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालावा. पुरात घरची वीज बहुधा जातेच. आणि असली तरी पाण्याशेजारी २३० व्होल्टची तार ओढणे म्हणजे जिवाशी खेळ. पंपाचे तोंड होडीच्या झडपेत घट्ट बसते ना, हे दुकानातच पाहावे.

होडीला हवेचे कप्पे असतात. सगळे आधी थोडे थोडे भरावे, मग पाळीपाळीने कडक करावे. उन्हात होडी तापली की आतला दाब वाढतो, गार पाण्यात उतरवली की घटतो. म्हणून काट्यावर पुन्हा एकदा पाहून घ्यावे.

आणि पंप कितीही चांगला असो, पायाने दाबायचा भाता होडीसोबत ठेवावाच. बॅटरी उतरते, पाय उतरत नाहीत. दर वर्षी मृग लागण्याआधी सगळ्या गावादेखत होडी एकदा फुगवून, रात्रभर तशीच ठेवून पाहा. सकाळी ती कडक असली, म्हणजे पावसाळ्याला सामोरे जायला गाव तयार आहे असे समजा.