लोखंडाची मळी



मळी म्हटली कीं आपणांस साखर-कारखाना आठवतो. परंतु लोखंडालाही मळी असते. खनिज, कोक व चुनखडी भट्टींत तापविलीं म्हणजे जड लोखंड तळाशीं जमतें आणि खनिजांतील दगडमातीचा अंश चुन्याशीं मिळून वर तरंगतो. हीच धातुमळी. आपल्या वैद्यांना ती पुरातन काळापासून परिचित आहे. लोहकीट किंवा मंडूर म्हणतात तो हाच पदार्थ. आणि शंभर वर्षांहून जुना कीट उत्तम, असा त्यांचा दंडक आहे. त्यांतील औषधी मर्म वैद्य जाणोत. परंतु मळी मुरावी लागते, असें आजचे रस्तेबांधणीचे जाणकारही अगदीं निराळ्या कारणानें सांगतात.

मळीचे मुख्य प्रकार दोन. पहिली झोतभट्टींतील. ती तप्त असतांना पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें एकाएकीं थंड केली म्हणजे तिचे काचेसारखे कण बनतात. हे कण दळून चुन्यांत वा सिमेंटांत मिसळले असतां पाण्यानें दगडासारखे घट्ट होतात. जर्मनींत एमिल लांगेन यानें १८६२ सालीं हा गुण ओळखला. आज मळीचें सिमेंट आपल्याकडेही सर्रास वापरांत आहे.

दुसरी मळी पोलाद करतांना निघते. ही थोडी हट्टी आहे, कारण तिच्यांत मोकळा चुना शिल्लक राहतो. पुण्यांतील जुन्या वाड्यांचे गवंडी चुना विरवून, मुरवून, घाणींत मळून मगच भिंतीला लावीत. न विरलेला खडा आंत राहिला, तर तो मागाहून ओल शोषून फुगतो आणि गिलावा उडवितो. पोलादाच्या मळीचेंही तसेंच आहे. ताजी मळी रस्त्याखालीं घातली, तर पहिल्या कांहीं पावसाळ्यांतच रस्ता उचलला जाऊं शकतो. म्हणून ती फोडून, चुंबकानें तिच्यांतील लोखंड वेगळें करून, कांहीं महिने ऊनपावसांत मुरवितात. किंवा वाफ देऊन तेंच काम लवकर उरकतात. मग फुगवट्याची परीक्षा घेतात.

हा संस्कार झाला म्हणजे काय साधतें, याचें उदाहरण आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशींच आहे. रायगड जिल्ह्यांत पेणजवळील डोलवीच्या पोलाद-कारखान्याची सुमारें ८० हजार टन मळी दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनानें मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यांत वापरून एक किलोमीटर चौपदरी रस्ता बांधण्यांत आला. जानेवारी २०२४ मध्यें त्याचें उद्घाटन झालें. त्यापूर्वीं २०२२ सालीं सुरतेजवळ हजिरा येथें असाच प्रयोग झाला होता.

पुणेकरांनीं याचा विचार कां करावा? आपल्या शहराचे रस्ते आणि इमारती काळ्या पाषाणाच्या खडीवर उभ्या आहेत. वाघोलीकडे जाऊन पाहावें. टेकड्यांच्या जागीं खाणी दिसतात. डोंगर एकदां फोडला कीं पुन्हां उगवत नाहीं. मळी मात्र पोलादाबरोबर रोज निघतच राहणार.

तथापि दोन गोष्टींचें भान हवें. मळी खडीहून जड. ती घाट चढवून आणण्याचा खर्च मोठा, म्हणून तिचा उपयोग कारखान्याच्या आसपासच अधिक शोभतो. आपण आपल्या दारचें पाहावें: भोसरी-पिंपरीकडील ओतकामाची वापरलेली वाळू पुन्हां शुद्ध करून वापरतां येते. दुसरें असें, कीं उघड्या ढिगांतून झिरपणारें पाणी चुन्यासारखें तीव्र असतें. पुनरुपयोगाचें नांव घेऊन कोणी अशी मळी ओढ्याकांठीं लोटूं लागला, तर तो उपयोग नव्हे. तो उकिरडाच होय.

म्हणून आपल्या गल्लींत असा माल येईल तेव्हां नागरिकांनीं तीनच प्रश्न विचारावे: हा कोठून आला? किती मुरला? परीक्षा कोणी घेतली? उत्तरें समाधानकारक असतील, तर त्या रस्त्यावरून निःशंक चालावें. तेवढ्यापुरती एखादी टेकडी वांचली असें समजावें.